गल्लीचा पूरतक्ता: किती फुटाला काय बुडतं आणि कधी निघायचं

पंचगंगा आणि कृष्णाकाठी जुलै लागला की प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: ‘पाणी किती झालं?’ कुणीतरी लिहितं, ४१. मग सगळे ‘बापरे’ म्हणतात आणि कामाला लागतात. पण ४१ फुटाला आपल्या गल्लीत नेमकं काय होतं हे विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात. कोल्हापूरचा पंचगंगेवरचा राजाराम बंधारा किंवा सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल इथला आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण तो आकडा आणि आपला उंबरा यांचा हिशेब कुणी मांडलेला नसतो.

खरं तर हा हिशेब गावातच असतो, नदीवर मोटर असलेल्या शेतकऱ्याकडे, गोठा सांभाळणाऱ्या बाईकडे, होडी चालवणाऱ्याकडे. तो कागदावर आणून आकड्याला बांधायचा, एवढंच काम आहे. ते मे महिन्यात करायचं. जूनच्या शेवटी सुरू केलं तर अर्धवट राहतं.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

गवंड्याकडची पाण्याची नळी, म्हणजे पारदर्शक लेव्हल पाईप, १५-२० मीटर लांबीची. टेप, ऑइलपेंट, ब्रश, एक जाड वही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांनी फोटो काढले त्यांचे फोन. चार-पाच माणसं पुरेत, पण त्यात एक गवंडी, एक नदीवर मोटर असलेला शेतकरी आणि किमान दोन बायका हव्यातच. नुसते तरुण मंडळाचे कार्यकर्ते जमले तर तक्ता देखणा होतो आणि चुकीचा होतो.

दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. आयर्विन पुलावर इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. दोन्ही ठिकाणची मोजपट्टी आपापली आहे. आयर्विनचे ४५ आणि राजारामचे ४५ यांचा एकमेकांशी संबंध नाही. तरीही दरवर्षी कुणीतरी सांगलीचा आकडा कोल्हापूरच्या ग्रुपवर टाकतं आणि घबराट उडते.

जपून: बातमीत ‘४२.१०’ लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा ४२ फूट १० इंच असतं, बेचाळीस पूर्णांक एक दशांश नव्हे. म्हणजे पाणी ४३ ला टेकायला दोनच इंच बाकी आहेत. वहीत नेहमी ‘फूट’ आणि ‘इंच’ हे शब्द लिहा, टिंब देऊ नका.

## टप्पा १: पाणी पहिलं कुठून शिरतं ते विचारा

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण प्रश्नच चुकीचा विचारला जातो. ‘त्या वर्षी पाणी किती आलं होतं?’ असं विचारलं की माणूस हात वर करून दाखवतो, आणि दर वर्षी तो हात चार बोटं वर जातो. त्याऐवजी असं विचारा: पाणी पहिलं कुठं दिसलं? त्यानंतर कुठं आलं? कोणता रस्ता आधी बंद झाला? दिवस होता की रात्र? तुम्ही पहिली कोणती वस्तू उचललीत?

शेवटचा प्रश्न बायकांना विचारा. ‘पिठाचा डबा माळ्यावर टाकला तेव्हा पाणी न्हाणीच्या मोरीतून वर येत होतं’ या एका वाक्यात जागा, उंची आणि पाण्याची वाट तिन्ही सापडतात. बहुतेक गल्ल्यांत पाणी नदीच्या बाजूने समोरून येतच नाही. ते मागून येतं, ओढ्यातून, गटारातून, मोरीतून. नदी फुगली की ओढ्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं वस्तीत शिरतं. कोल्हापुरात जयंती नाल्याकाठी आणि सांगलीत शेरी नाल्याकाठी राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. नवीन भाडेकरूंना मात्र सांगावं लागतं. ते नदीकडच्या खिडकीत उभे असतात आणि पाणी मागच्या दाराने आत येतं.

मोटरवाल्या शेतकऱ्याला वेगळं बसवा. नदीवरची मोटर तो पाणी चढेल तशी वर ओढत असतो. कोणत्या वेळी मोटर कोणत्या टप्प्यावर घेतली हे त्याला पक्कं आठवतं, कारण चुकलं की हजारोंचं नुकसान. नदीचं सगळ्यात आधीचं वर्तन त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

मुंग्या, पक्षी, आभाळाचा रंग अशा खुणाही सांगितल्या जातील. ऐकून घ्या, सांगणाऱ्याचा मान ठेवा, पण तक्त्यात घेऊ नका. जे मोजता येतं तेच तक्त्यात.

पडताळा: प्रत्येक गोष्ट दोन वेगळ्या घरांतून आली का? एकाच घरातल्या तिघांनी सांगितली तर ती एकच धरा. आणि विचारा, त्या पुरानंतर इथं काय बदललं? रस्ता उंच झाला, कुणी भराव टाकला, कंपाउंडची भिंत आली, ओढ्यावर पाईप टाकून रस्ता केला, तर २००५ ची वाट आज तशी राहिलेली नसते. ‘आमच्यात २००५ ला आलं नव्हतं’ हे वाक्य धरून बसलेल्यांना २०१९ ने जागं केलं. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विनवर ५७ फुटांच्या वर. दोन वर्षांनी राजारामवर पुन्हा ५५ ओलांडले.

## टप्पा २: सगळ्या खुणा एका पातळीवर आणा

आता भिंतीवरच्या खुणा शोधा. रंगाखाली झाकलेला गाळाचा पट्टा, दाराच्या चौकटीवरचा डाग, देवळाच्या खांबावर कुणीतरी कोरलेली तारीख. पण एका घराच्या भिंतीवर चार फूट आणि दुसऱ्या घराच्या भिंतीवर दोन फूट यांची तुलना करता येत नाही. जोती वेगवेगळ्या उंचीची असतात.

त्यासाठी एक पायाखूण ठरवा. शाळेची पायरी, देवळाचं जोतं, पाण्याच्या टाकीचा कट्टा, असं काहीतरी जे पुढची वीस वर्षं हलणार नाही. तिथे रंगाने आडवी रेघ मारा आणि तिला शून्य म्हणा.

मग नळी घ्या. नळीत पाणी भरताना हवेचा बुडबुडा राहिला तर सगळं माप बिघडतं, म्हणून एक टोक बादलीत ठेवून दुसऱ्या टोकाने सावकाश ओढून भरा आणि नळी जमिनीवर पसरून डोळ्यांनी तपासा. एक टोक पायाखुणेच्या रेघेला लावा, दुसरं टोक घराच्या भिंतीला. नळीच्या दोन्ही तोंडांवर दाबलेले अंगठे सोडा, पाणी स्थिर होऊ द्या, भिंतीवर खूण करा. आता त्या भिंतीवरची पुराची खूण या रेघेपेक्षा किती इंच वर किंवा खाली ते मोजा. लांब जायचं असेल तर टप्प्याटप्प्याने जा, पण प्रत्येक टप्प्याला परत उलटं मोजून बघा.

नळीनेच आणखी तीन जागा मोजा: गल्लीतला सगळ्यात खोलगट रस्ता, वीजपुरवठ्याच्या डीपीचा तळ, आणि गावाबाहेर पडायच्या रस्त्यावरची सगळ्यात सखल जागा. ही तिसरी जागा कित्येकदा गावापासून अर्धा किलोमीटर लांब असते आणि म्हणून कुणी मोजतच नाही. माणसं अडकतात ती मात्र तिथेच. घर कोरडं असतं, दारात गाडी उभी असते आणि पुढे ओढ्यावर कमरेइतकं पाणी असतं.

पडताळा: पायाखुणेपासून निघून चार घरं मोजून परत पायाखुणेशी या. फरक एका इंचापेक्षा जास्त आला तर कुठेतरी बुडबुडा आहे. पुन्हा मोजा.

## टप्पा ३: खुणेला फूट जोडा

गल्लीतली खूण आणि बंधाऱ्यावरचा आकडा एकाच वेळचे असले पाहिजेत. तारीख आणि तास दोन्ही जुळायला हवेत.

इथे फोन कामी येतात. २०१९ आणि २०२१ मध्ये प्रत्येकाने फोटो काढले. मूळ फोनमधला फोटो उघडून त्याच्या तपशिलात काढल्याची वेळ बघा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवर विसंबू नका. त्यावर फोटो काढल्याची नव्हे, तो आल्याची वेळ असते, आणि पुराच्या दिवसांत नेटवर्क गेल्यामुळे कित्येक फोटो दुसऱ्या दिवशी पोचले होते. वेळ मिळाली की त्या तासाची पातळी शोधा. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष पूरकाळात पातळी सतत जाहीर करतो. जुने संदेश फोनमध्ये सापडतात, वर्तमानपत्रांत रोजचे आकडे असतात, आणि पाटबंधारे कार्यालयात अर्ज देऊन विचारता येतं.

अशा किमान पाच जोड्या गोळा करा: ‘पाणी मारुती देवळाच्या दुसऱ्या पायरीला, राजाराम ४२ फूट ४ इंच’ अशा स्वरूपाच्या. जोड्या चढत्या पाण्याच्याच घ्या. उतरत्या पाण्याचे फोटो वेगळ्या पानावर, कारण उतरताना बंधाऱ्यावर आकडा घटलेला असतो आणि ओढ्याकाठच्या वस्तीत पाणी अजून तुंबलेलं असतं.

जपून: शिरोळ तालुक्यातल्या, दोन नद्यांच्या बेचक्यातल्या गावांनी एका आकड्यावर तक्ता बांधू नये. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, त्याला फुग येते. राजारामवर पाणी उतरायला लागलेलं असताना इकडे चढत असतं. इथल्या तक्त्यात राजाराम आणि आयर्विन असे दोन रकाने हवेत.

राधानगरीचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की सगळे घड्याळ लावून बसतात. त्या धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटतं. सगळे उघडले तरी साधारण १० हजार क्युसेक. महापुरात पंचगंगेतून जाणारं पाणी याच्या कितीतरी पट असतं. उरलेलं येतं कासारी, कुंभी, तुळशीच्या मोकळ्या पाणलोटातून. म्हणून दरवाजांबरोबर पाणलोटातल्या गगनबावड्याचा पाऊसही वहीत टिपा, आणि प्रत्येक वेळी लिहा, दरवाजे किती वाजता उघडले आणि आपल्या खुणेवर फरक किती वाजता दिसला. दोन पावसाळ्यांत तुमच्या गावापुरतं उत्तर मिळतं. शेजारच्या गावाचं उसनं घेऊ नका.

## टप्पा ४: निघायचा आकडा काढा

लोकांचा निघायचा आकडा म्हणजे पाणी उंबऱ्याला लागल्याचा आकडा. तो चूक आहे. हिशेब रस्ता बंद होण्याच्या आकड्यापासून मागे मोजत यायचा.

समजा, बाहेर पडायचा रस्ता राजारामच्या ४१ फुटाला बुडतो. तुमच्या नोंदींत पाणी जोरात चढताना तासाला ४ इंच चढलेलं आहे. जनावरं, म्हातारी माणसं, सामान हलवायला गल्लीला ८ तास लागतात. आठ चोक बत्तीस इंच, म्हणजे २ फूट ८ इंच. ४१ मधून ते वजा केले की ३८ फूट ४ इंच. हा तुमचा निघायचा आकडा. लक्षात घ्या, तो इशारा पातळीच्या आधी येतो. शासनाची इशारा पातळी अख्ख्या शहर-जिल्ह्यासाठी आहे, तुमच्या सखल रस्त्यासाठी नाही. (हे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.)

रात्र मध्ये येत असेल तर आणखी एक नियम: निघायचा आकडा रात्री गाठला जाईल असं दिसत असेल तर दिवस मावळायच्या आत निघायचं. अंधारात, वीज गेलेली असताना म्हशी पाण्यातून चालत नाहीत.

पडताळा: आठ तास हा अंदाज खरा आहे का? मे महिन्यात एकदा जनावरं खरोखर माळावर नेऊन बघा. दावी सोडण्यापासून पोचेपर्यंतचा वेळ लिहा. चिखलात आणि पावसात त्याच्या दीडपट तरी धरा.

## टप्पा ५: तक्ता लिहा आणि कामं माणसांना बांधा

तक्त्याला चार रकाने पुरतात: आकडा, काय बुडतं, काय करायचं, कोण करणार. ओळी फार नकोत, सहा-सात बस. नमुन्याला एक ओळ: ‘३७ फूट, मळीतला (नदीकाठच्या रानातला) गाडीरस्ता जातो, मोटरी आणि स्टार्टर वर घ्या, जनावरांची पहिली खेप, खालच्या आळीतलं अमुक घर, पर्यायी तमुक घर.’

‘कोण करणार’ या रकान्यात ‘ग्रामस्थ’ लिहिलं की कुणीच करत नाही. घराचं नाव लिहा आणि शेजारी पर्यायी घराचंही, कारण पहिला माणूस नेमका पुण्याला गेलेला असतो. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, गरोदर बायका यांची यादी आशाताईकडे असते, ती तक्त्याला जोडा, पण भिंतीवर चिकटवू नका.

तक्ता ऑइलपेंटने भिंतीवर लिहा, देवळाजवळ किंवा दूध संस्थेच्या दारात, पुराच्या जुन्या खुणेपेक्षा उंच. दूध घालायला सगळे दोन वेळा तिथे येतात, ग्रामपंचायतीत कोण जातं? खाली नंबर: आपत्ती कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, जनावरांसाठी १९६२, इतर सगळ्यासाठी ११२.

## टप्पा ६: पाणी चढताना कोणत्या क्रमाने

जनावरं आधी. पूरग्रस्त गावांत घर न सोडणाऱ्यांपैकी बरेच जण सामानासाठी नव्हे, गोठ्यासाठी थांबतात. गोठा रिकामा झाला की माणूस आपोआप निघतो. जागा आधीच बोलून ठेवा, आणि वैरण जनावरांच्या आधी पोचवा. एका जनावराला दिवसाला २० किलो ओली वैरण धरली तरी दहा जनावरांना आठ दिवसांत १६०० किलो लागते. ती पाणी आल्यावर कुठून आणणार? २०१९ ला पाणी आठवडाभर हटलं नव्हतं.

त्याच वेळी, दुसऱ्या वाहनाने, आजारी आणि म्हातारी माणसं. मग कागद: सातबारा, बँक पासबुक, आधार, औषधांची चिठ्ठी, सगळं एका प्लास्टिक पिशवीत, पिशवी घरातल्या बाईच्या हातात. मग धान्य माळ्यावर. शेवटी गॅस सिलिंडर बंद करून बांधा, नाहीतर तो तरंगत जातो, आणि मेन स्विच पाडा.

पिण्याचं पाणी भरायला विसरू नका. २०१९ च्या पुरात कोल्हापूरची उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली. चारीकडे पाणी आणि नळ कोरडे. शिरोलीजवळ महामार्गही बंद होता, त्यामुळे टँकर, दूध, पेट्रोल सगळंच अडलं.

जे राहिले त्यांनी पाण्याच्या काठाला काठी रोवून दर तासाला खूण करावी आणि ग्रुपवर टाकावी. अफवेला तेवढं एकच औषध आहे.

जपून: जनावर नेता आलं नाही तर दावं कापा. बांधलेलं जनावर उभ्या जागी बुडतं, मोकळं पोहून निघतं.

जपून: गुळाची काहील (गूळ शिजवायची मोठी कढई) पाण्यात तरंगते आणि नदीकाठी ती वापरलीही जाते, पण साचलेल्या पाण्यात, एका-दोघांसाठी. ओढ असलेल्या पाण्यात ती गरगर फिरते. होडीतही मोजूनच बसा. ब्रह्मनाळला ऑगस्ट २०१९ मध्ये भरगच्च होडी उलटून अनेकांचे जीव गेले. किती माणसं बसवायची हे नावाडी ठरवेल, काठावरचा आरडाओरडा नव्हे.

## टप्पा ७: पाणी उतरल्यावर

घरात पाय ठेवल्यावर पहिलं काम साफसफाई नाही. आधी भिंतीवर पाण्याची सगळ्यात वरची रेघ पेन्सिलने ओढा, शेजारी तारीख लिहा, टेप लावून फोटो काढा. माणसं पहिल्याच दिवशी भिंती धुतात आणि पुढच्या तक्त्यासाठीची खूण आणि पंचनाम्याचा पुरावा दोन्ही गटारात जातात. भिजलेली धान्याची पोती, मेलेली जनावरं यांचेही फोटो हलवण्याआधी. पंचनाम्याला तलाठी येतील तेव्हा घरात कुणीतरी हजर हवं, आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या.

मग गाळ. तो ओला असतानाच काढायचा. उन्हात दोन दिवस राहिला की कुदळीने फोडावा लागतो. जुनेजाणते उतरत्या पाण्याबरोबरच खराट्याने गाळ बाहेर लोटत जातात, तेच बरोबर आहे, फक्त डीपी बंद असल्याची खात्री वायरमनकडून करून घ्या. फळ्यांखाली, माळ्यावर, चुलीच्या कोनाड्यात आधी काठी घालून बघा. पुरात घोणस, नाग, मण्यार कोरडी जागा शोधत घरात येतात.

मातीच्या भिंतीचं घर कित्येकदा पाणी उतरल्यावरही पडतं. भिंत सुकू लागली की भेगा जातात आणि मग रात्रीत बसते. भिंत ठोकून आवाज बद्द येत असेल तर आत झोपू नका, जेवण बाहेर करा, चार-आठ दिवस दम धरा.

पायाला जखम असेल तर गाळात उतरू नका. लेप्टोच्या (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळ्या आरोग्य सेविका देतात, त्यांच्याच सांगण्याने घ्या. गाळ लागलेली वैरण जनावरांना घालू नका, धुतली तरी.

विहीर आणि टाकी शेवटी. विहीर उपसा, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका, आणि गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी, करून घ्या. पाणी पिवळं दिसलं की क्लोरीन आहे. ही टेस्ट विहिरीच्या काठावर नव्हे, गल्लीतल्या शेवटच्या नळावर करायची. तोपर्यंत उकळूनच प्या.